कॅलिफोर्नियाचं कॉलेज अटलांटिकच्या साखळीत कसं?

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि शिक्षण

(या सदराच्या लेखिका पुण्यातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होत्या. या वेळी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांबद्दल बरीच पत्रं आली, म्हणून सगळी उत्तरं त्याच विषयावर.)

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी बारावीत आहे आणि लहानपणापासून टेनिस खेळते. कॅलिफोर्नियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या कोचने तिला स्कॉलरशिपबद्दल मेल केला आहे. आम्हाला वाटलं, सामने आसपासच्या कॉलेजांशी होत असतील. वेळापत्रक उघडलं तर बोस्टन, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना. साखळीचं नावच अटलांटिक कोस्ट. यात काही फसवणूक तर नाही ना? आमचा एजंट म्हणतो, ‘पॉवर फोर’मधलं कॉलेज आहे, डोळे झाकून सही करा.
– एक पालक, कोथरूड

उत्तर : फसवणूक नाही. वेळापत्रकात दिसतंय ते खरं आहे, आणि सही करण्याआधी तुम्ही ते उघडून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. बरेच पालक स्कॉलरशिपचा आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. डोळे झाकून सही मात्र अजिबात करू नका.

अमेरिकेत कॉलेजांचे सामने ‘कॉन्फरन्स’मध्ये होतात. काही युनिव्हर्सिट्या मिळून एक साखळी करतात, दरवर्षी आपसांत खेळतात आणि वेळापत्रक, पंच, टीव्हीचे हक्क हे सगळं ती साखळी सांभाळते. पूर्वी सगळे सभासद एकाच टापूतले असत, कारण जायचं तर रेल्वेने नाहीतर बसने. ‘बिग टेन’ १८९६ सालची, मध्य-पश्चिमेच्या राज्यांची. पॅसिफिक किनाऱ्यावरची साखळी १९१५ची. ‘अटलांटिक कोस्ट’ म्हणजे एसीसी १९५३ची, कॅरोलायना-व्हर्जिनियाच्या बाजूची.

ही घडी विस्कटायला लागली १९८४ साली. तोवर कॉलेज फुटबॉलचे, म्हणजे त्यांच्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलचे, किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. तेव्हापासून आपापले हक्क विकायला सगळे मोकळे झाले. ज्या साखळीत प्रेक्षक खेचणारे संघ जास्त, तिला पैसे जास्त. मग दुसऱ्या साखळीतले नावाजलेले संघ आपल्याकडे ओढायचे, हे ओघानेच आलं. २०२२ साली बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला, तो ७०० कोटी डॉलरच्या वर गेला. एवढा पैसा समोर असताना नकाशा कोण बघणार?

२०२४च्या ऑगस्टपासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली या युनिव्हर्सिट्या एसीसीत आहेत. त्यांची स्वतःची साखळी मोडली, ती कशी हे पुढच्या पत्राच्या उत्तरात येईलच. एसीसीने त्यांना घेतलं, पण टीव्हीच्या पैशातला हिस्सा सुरुवातीची काही वर्षं जेमतेम ३० टक्के. डॅलसची एसएमयूही त्याच वेळी आत आली, तिने तर नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं.

मला यात सगळ्यात जास्त कुठे लागतं ते सांगते. निर्णय एका खेळासाठी झाला आणि लादला गेला जवळजवळ सगळ्या खेळांवर. फुटबॉलचा संघ हंगामात बारा सामने खेळतो, आठवड्याला एक, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. परगावी जायचं तर स्वतःचं खास विमान. टेनिस, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलामुलींना सामने कितीतरी जास्त, तेही कामाच्या दिवसांना लागून, आणि प्रवास बहुतेकदा तुम्हीआम्ही करतो तशा विमानाने. लॉस एंजेलिसची यूसीएलए आता बिग टेनमध्ये आहे आणि त्याच साखळीत न्यू जर्सीची रटगर्स आहे. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक. पुण्याहून गुवाहाटीला जाऊन व्हॉलीबॉलची साखळी मॅच खेळायची म्हटलं तरी हे अंतर त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतं.

माझी एक विद्यार्थिनी तिकडच्या एका युनिव्हर्सिटीत टेनिस खेळते. तिने मला तिच्या एका आठवड्याचा कागद फोटो काढून पाठवला. गुरुवारी सकाळी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. ते अर्धवट सोडून बस, विमानतळ, वाटेत एक विमान बदलायचं. हॉटेलवर पोचली तेव्हा तिथे रात्रीचा एक, तिच्या शरीराच्या घड्याळात दहा. शुक्रवारी दुपारी तीनला मॅच: आधी डबल्स, मग सिंगल्स. शनिवारी बसने पुढच्या गावी, आणि संध्याकाळी हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये मिडटर्म. संघासोबत आलेल्या सल्लागार बाई पर्यवेक्षक म्हणून समोर बसलेल्या, शेजारच्या टेबलावर संघाच्या जेवणाचे खोके. रविवारी बाराला दुसरी मॅच, ती संपवून पाठीला बर्फाची पिशवी बांधून विमानात, आणि सोमवारी नऊला लेक्चर. तिने खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, खेळून कधीच दमले नाही, पण विमानातून उतरताना पाय माझे नसतात.’ ही मुलगी तक्रार करणारी नाही. उन्हात तीन तास उभी राहून सर्व्हिस मारायची, मी बघितलंय.

साखळ्यांना हे कळत नाही असं नाही. एका फेरीत दोन सामने लावणं, काही खेळांसाठी डॅलससारख्या मधल्या ठिकाणी सगळ्यांना बोलावणं असे उपाय एसीसीने काढले. पोहणं, ॲथलेटिक्स, गोल्फ या खेळांना झळ कमी बसते, कारण तिथे मुख्यतः मीट, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र स्पर्धा असतात आणि साखळीची स्पर्धा वर्षातून एखाद-दोनदा. पण टेनिसला झळ बसते, म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर सांगतेय.

आता एजंटचं ‘पॉवर फोर’. एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स), बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी या चार श्रीमंत साखळ्यांना तसं म्हणतात. हा मान फुटबॉलच्या पैशावरून मिळालेला आहे. तुमच्या मुलीच्या कोर्टवरचा कोच कसा आहे, डिग्री कशी आहे, हे त्यावरून काही कळत नाही. स्कॉलरशिप देते ती युनिव्हर्सिटी, कॉन्फरन्स नव्हे. म्हणून युनिव्हर्सिटीला विचारा. गेल्या हंगामाचा पूर्ण प्रवासाचा तक्ता मागवा, त्यात कामाचे किती दिवस वर्ग बुडाले ते मोजा. मुलीला इंजिनिअरिंग किंवा सायन्स घ्यायचं असेल तर दुपारच्या लॅबचं काय करतात, हे कोचला विचारू नका, संघात आत्ता असलेल्या, तोच विषय घेतलेल्या मुलीला विचारा. ती खरं सांगेल. स्कॉलरशिप एका वर्षाची की चार, आणि संघच बंद झाला तर ती चालू राहणार का, हे लेखी घ्या.

अजून एक गोष्ट. जून २०२५मध्ये कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली. तिच्यामुळे कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला बराचसा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना प्रत्येक खेळात संघाची कमाल संख्या ठरवून दिली आहे, टेनिसला दहा. म्हणजे तुमची मुलगी त्या दहांत कितवी, हा प्रश्न आधीच विचारायला हवा. आणि विद्यार्थी व्हिसावर असताना जाहिरातीचे किंवा कुठलेही पैसे देऊ केले, तर तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय एकाही कागदावर सही नको. व्हिसा गेला तर सगळंच गेलं.

हे वाचून घाबरून जाऊ नका. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळून आली आणि पुढे हांगझो एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८, लागोपाठ दोनदा कॉलेजचा एकेरीचा राष्ट्रीय विजेता झाला. तिथलं कॉलेज टेनिस खरोखर उत्तम आहे. म्हणूनच ते मुलांच्या अंगाला आणि अभ्यासाला झेपेल असं ठेवा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : मी कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेटमधून एमएस केलं, आता हिंजवडीत नोकरी करतो. आमची पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक-१२ साखळी मोडली तेव्हा मला घरातलं कोणी गेल्यासारखं झालं होतं. ऑफिसमधले म्हणतात, कॉलेजच्या खेळाचं काय एवढं मनावर घ्यायचं. हे नक्की कशामुळे झालं, आणि मागे राहिलेल्या कॉलेजचं खरं नुकसान काय?
– बाणेरहून एक वाचक

उत्तर : मनावर घ्या. जिथे दोन वर्षं थंडीत कुडकुडत स्टेडियममध्ये उभं राहून ओरडलात, ते तुमचंच आहे.

घटनाक्रम असा. ३० जून २०२२ला यूसीएलए आणि यूएससी या लॉस एंजेलिसच्या दोन्ही युनिव्हर्सिट्यांनी बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर केलं. पॅक-१२च्या टीव्ही कराराचं सगळं वजन त्या शहराच्या प्रेक्षकांवर होतं, ते निघून गेलं. त्याआधी २०१२मध्ये साखळीने स्वतःच्या मालकीचं चॅनेल काढलं होतं, पण ते पुरेशा घरांत पोचलंच नाही. नव्या कराराची बोलणी वर्षभर रेंगाळली. शेवटी हातात आला तो ॲपलचा प्रस्ताव, मुख्यतः ग्राहक किती मिळतील त्यावर पैसे ठरवणारा. २०२३च्या जुलैअखेर कोलोरॅडो बाहेर पडलं. ४ ऑगस्टला उरलेले सगळे सह्या करतील असं वाटत असतानाच ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, तेही पूर्ण हिस्सा न मिळता. त्याच दिवशी ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत. शंभरीपार गेलेल्या साखळीत दोनच सभासद राहिले: तुमचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावातली, दोन्ही शेतीच्या शिक्षणातून उभी राहिलेली. टीव्हीवाल्यांना मोठं शहर हवं असतं, आणि या दोघांच्या खेळात खोट होती म्हणून ती मागे राहिली असं कोणी म्हणू शकत नाही.

त्यांनी एक धीराची गोष्ट केली. निघून चाललेल्या दहा जणांनी साखळीचा ताबा आणि तिजोरी वाटून घेऊ नये म्हणून ते कोर्टात गेले, आणि २०२३च्या डिसेंबरात वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू टिकली. कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात टिकायचं तर साखळीत किमान आठ संघ लागतात, पण दोन वर्षांची सवलत मिळते. ती दोन वर्षं त्यांनी कशीबशी काढली: फुटबॉलला शेजारच्या साखळीतले सामने, बाकीच्या बऱ्याच खेळांना वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुणे म्हणून जागा.

नुकसान तुम्ही विचारलंत. पहिलं माणसांचं. ओरेगन स्टेटचे फुटबॉल कोच जोनाथन स्मिथ त्याच कॉलेजचे जुने खेळाडू होते, ते २०२३च्या अखेरीस मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू, कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत देशात पहिला आला. घडवला कोणी आणि मिरवला कोणी! आता खेळाडूंना कॉलेज बदलून लगेच दुसऱ्या वर्षी खेळता येतं, त्यामुळे साखळी घसरली की चांगली मुलं पहिली जातात. त्यांना मी दोष देणार नाही. विशीतल्या मुलाने निष्ठेपायी आपलं करिअर पणाला लावावं, आणि कुलगुरूंनी टीव्हीच्या पैशासाठी निघून जावं, हा न्याय मला मान्य नाही.

दुसरं गावाचं. पुलमनसारख्या ठिकाणी घरच्या सामन्याच्या शनिवारी हॉटेलं, खानावळी, पेट्रोलपंप जो धंदा करतात त्यावर पुढचे महिने निघतात. समोरचा संघ अनोळखी असला की लांबून येणारी माणसं कमी होतात.

तिसरं, जुन्या लढतींचं. ओरेगन आणि ओरेगन स्टेट १८९४पासून खेळतात, गावं तासाभराच्या अंतरावर. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेटची ‘ॲपल कप’ लढत १९००ची. या दोन्ही साखळीबाहेर का होईना, २०२४ आणि २०२५मध्ये चालू राहिल्या याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. ओक्लाहोमाचं तसं झालं नाही. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी २०२४मध्ये टेक्साससोबत एसईसीत गेली, आणि ओक्लाहोमा स्टेटशी शतकभराहून जास्त चाललेली वार्षिक फुटबॉल लढत २०२३च्या नोव्हेंबरात थांबली. एकाच राज्यातले, एकाच घरात दोन भाऊ दोन कॉलेजांचे, असे लोक त्या दिवसाची वर्षभर वाट बघायचे. त्याची भरपाई कुठल्या करारात असते? उलट टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११पासून एकमेकांशी खेळत नव्हते, ते एकाच साखळीत आल्यामुळे २०२४मध्ये पुन्हा भेटले, हेही नोंदवते.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १९९६मध्ये टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स अशीच फुटली. चार कॉलेजं बिग ट्वेल्व्हमध्ये गेली. टीसीयू, एसएमयू, राइस, ह्यूस्टन मागे राहिली. टीसीयूला मोठ्या साखळीत परतायला २०१२ उजाडलं, ह्यूस्टनला २०२३, एसएमयूला २०२४, तेही नऊ वर्षांचे पैसे सोडून. राइस अजून बाहेरच आहे. मधल्या काळात तिथे शिकून गेलेल्या मुलांच्या किती बॅचेस झाल्या याचा विचार करा.

एक निर्णय मला मनापासून आवडला. यूसीएलए आणि बर्कली या दोन्ही कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्याच शाखा. एक श्रीमंत साखळीत गेली म्हणून दुसरीचं नुकसान झालं, तर तिने भरपाई द्यावी, असं नियामक मंडळाने ठरवलं: दरवर्षी १ कोटी डॉलर. निघून जाणाऱ्याने मागच्याची काही जबाबदारी घ्यावी, एवढं तरी कोणीतरी कागदावर लिहिलं.

आणि तुमच्यासाठी चांगली बातमी तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते. कुठल्याच साखळीत नसलेला ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ २०२५मध्ये देशातल्या शेवटच्या आठांत, ओमाहाला पोचला. पॅक-१२ची नवी जुळणीही झाली आहे. बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि फुटबॉल सोडून बाकी खेळांत गोंझागा. तारीख ठरली १ जुलै २०२६. टेक्सास स्टेट पॅसिफिकपासून लांब आहे, हे मलाही दिसतंय. पण आठाचा आकडा गाठायचा होता, आणि बाकीचे बहुतेक पश्चिमेचेच घेतले.

प्रश्न : मॅडम, मी भालाफेक करतो, युनिव्हर्सिटी खेळलो आहे. अमेरिकेला जायचा विचार आहे. साखळी बदलली की कॉलेजं इव्हेंटच बंद करतात असं सीनियर सांगतात. खरं आहे का?
– एक खेळाडू, भोसरी

उत्तर : काही ठिकाणी खरं आहे, आणि तुझ्या इव्हेंटलाच लागू आहे. वॉशिंग्टन स्टेटने २०२५मध्ये ॲथलेटिक्स आखडून लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर द्यायचं ठरवलं. उड्या आणि फेकीचे प्रकार बंद. हे तेच कॉलेज, जिथे शिकत असताना केनियाच्या हेन्री रोनोने १९७८च्या एका हंगामात चार जागतिक विक्रम केले. त्याची परंपरा धावण्याची होती म्हणून धावणं राहिलं, फेकणाऱ्यांना कोणी वाली उरला नाही. साखळी मोडल्याने उत्पन्न घटलं, वर खेळाडूंना पैसे देण्याचा नवा खर्च आला. अशा वेळी कात्री लागते ती ज्यांचे सामने टीव्हीवर नसतात त्यांना.

म्हणून तू फक्त पाहा की त्या कॉलेजात फेकीचा स्वतंत्र कोच पगारावर आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत किती फेकणारी मुलं घेतली. कोच नसेल तर जाऊ नकोस, कॉलेजचं नाव कितीही मोठं असो. आपल्या माणसांनी तिथे नाव काढलं आहे: विकास गौडा नॉर्थ कॅरोलायनाकडून २००६चा थाळीफेकीचा कॉलेज विजेता, तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२चा उंच उडीचा. दोघांनाही मैदानी प्रकारांची कदर असलेली जागा मिळाली. तुझ्या अंतरांचे व्हिडिओ आणि अधिकृत निकाल एकत्र करून ठेव, कोच तेच आधी मागतात.

प्रश्न : या सगळ्या धावपळीत न बदललेली एखादी साखळी आहे का?
– सदाशिव पेठ

उत्तर : आयव्ही लीग. १९५४ साली करार झाला तेव्हा आठ कॉलेजं होती, आजही तीच आठ. खेळाची स्कॉलरशिप तिथे नाही, आर्थिक गरजेनुसार मदत असते. खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या तडजोडीतही ते गेले नाहीत.

प्रश्न : मी हडपसरजवळच्या एका महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. आपल्याकडे खासगी विद्यापीठं वाढत आहेत, चांगल्या मुलांना फी माफ करून घेऊन जातात. आपल्या विद्यापीठ स्पर्धांचंही असंच होईल का?
– एक शिक्षक

उत्तर : सर, साखळ्या फुटतील अशी भीती मला नाही, कारण आपल्याकडे विभाग जागेवरून ठरतो. आपल्या विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक असे झोन, मग इंटरझोनल, मग भारतीय विद्यापीठ संघाची वेस्ट झोन, आणि तिथून ऑल इंडिया. कुठल्याही विद्यापीठाला पैसे जास्त मिळतात म्हणून वेस्ट झोन सोडून साउथ झोनला जाता येत नाही. ही व्यवस्था साधी आहे, पण तिच्यामुळे नाशिकच्या मुलीला अमुक महिन्यात पुण्याच्या मुलीशी खेळायचंच आहे हे पक्कं असतं. ती जपायला हवी.

तुमची दुसरी काळजी मात्र खरी आहे. खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाले तेव्हा पंजाब विद्यापीठ पहिलं आणि आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरं आलं होतं. ते यश पुणे, नगर, नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांमधून आलेल्या मुलामुलींचं होतं. वसतिगृह, खुराक, कोच, फी असं सगळं एका छताखाली देणारी खासगी विद्यापीठं आता त्याच मुलांकडे बघणार, आणि मुलांनी जावंही. तुमच्या कॉलेजच्या मैदानावर पहाटे साडेपाचला येऊन तुम्ही ज्याला घडवलंत त्याचं पदक दुसऱ्याच्या खात्यात जाईल, याचं वाईट वाटतं, मलाही वाटायचं. त्यासाठी खेळाडूच्या प्रमाणपत्रावर आणि विद्यापीठाच्या अहवालात आधीच्या कॉलेजची व प्रशिक्षकाची नोंद राहावी, अशी मागणी क्रीडा मंडळाच्या बैठकीत करा. खर्च काही नाही.

आणि अमेरिकेकडून एक गोष्ट आपण आत्ताच उचलावी: प्रवासाचा विचार वेळापत्रकातच करायचा. आमच्या व्हॉलीबॉलच्या मुली रात्रभर स्लीपरमधून, नेटची पिशवी आणि बॉल बर्थखाली कोंबून, राजस्थानात उतरायच्या आणि अंघोळ करून तासाभरात कोर्टवर उभ्या राहायच्या. कोणाचं रिझर्व्हेशन कन्फर्म झालेलं नसायचं, मग दोघी एका बर्थवर. पहिला सेट त्या झोपेतच द्यायच्या. यजमान विद्यापीठाला आगाऊ पत्र पाठवून, गाडीचा नंबर आणि पोचायची वेळ कळवून, पहिली मॅच दुसऱ्या दिवशी लावायची विनंती करता येते. बाद फेरीच्या स्पर्धेत ड्रॉ निघाल्यावर कोणी ऐकत नाही, त्यामुळे प्रवेशिकेसोबतच पत्र जोडा. परीक्षेचंही तसंच: खेळाडूंच्या फेरपरीक्षेचा अर्ज मुलं परत आल्यावर करण्यापेक्षा जाण्याआधी प्राचार्यांच्या सहीने आत टाका, पोच घ्या, आणि त्या पोचेची एक झेरॉक्स मुलीच्या किटबॅगमध्ये ठेवा.